'सत्य घटनेवर आधारित' एपिसोड नेमका कसा तयार होतो, आणि त्यात आपलीच केस दिसली तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नात्यातल्या एका बाईचा काही वर्षांपूर्वी खून झाला, केसचा निकालही लागला, आणि परवा एका क्राइम मालिकेत जवळपास तीच गोष्ट दिसली. नावं वेगळी, व्यवसाय वेगळा, शेवटही थोडा वेगळा. घरच्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तर हे आमच्याच केसवर आहे का, अशा एपिसोडमध्ये खरं किती टक्के असतं, आणि न विचारता असं करता येतं का?

तुमच्या घरावर जे आलं त्याबद्दल खरंच वाईट वाटलं. मी पंधरा वर्षं क्राइम मालिका लिहितोय, त्यातली पहिली चार वर्षं रिसर्चर होतो, म्हणजे दिवसभर निकालपत्रं आणि आरोपपत्रं वाचायची आणि त्यातून एपिसोड होईल अशी केस शोधायची. त्यामुळे आतून हे कसं चालतं ते सांगतो.

टक्क्यांचं आधी बाजूला ठेवू, कारण टक्क्यांत याचं उत्तर निघतच नाही. एखाद्या एपिसोडमध्ये दहातल्या नऊ गोष्टी रचलेल्या असतात, पण उरलेली एक इतकी नेमकी असते की घरच्यांना पाच मिनिटांत कळतं हे आपलंच आहे. आणि कधी उलट होतं, सगळे प्रसंग जसेच्या तसे असतात, पण ते ज्याच्या नजरेतून दाखवलेत तो माणूसच वेगळा निवडलेला असतो आणि मग घरच्यांना ते सगळं खोटं वाटतं, आणि त्यांचं चुकतही नाही. तुम्हाला खरं विचारायचंय ते मला वाटतं असं आहे की त्यांनी काय ठेवलं, काय बदललं आणि ते कुणाच्या सोयीने बदललं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच कबूल करतो. मालिका खरी नावं घेऊन केलेली आहे की नावं बदलून, की बातमीतून नुसती ठिणगी घेऊन पुढे सगळं काल्पनिक केलंय, केसचा निकाल लागलाय की खटला चालू आहे, संबंधित माणसं हयात आहेत का, गुन्हा कुठल्या प्रकारचा आहे आणि कायदा कुठल्या देशाचा लागतो, यातलं एकेक बदललं की उत्तर बदलतं.

आता केस येते कुठून. हा भाग प्रेक्षकांना सहसा माहीत नसतो, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, कारण केस ज्याच्या हातून येते त्याचीच बाजू गोष्टीला चिकटते. अमेरिकेतली 'ड्रॅगनेट' १९४९ मध्ये रेडिओवर सुरू झाली आणि १९५१ मध्ये टीव्हीवर आली. तिच्या गोष्टी लॉस एंजेलिस पोलिसांच्या फायलींमधून यायच्या आणि सुरुवातीलाच सांगितलं जायचं की गोष्ट खरी आहे, फक्त निरपराधांच्या रक्षणासाठी नावं बदललीत. पण पोलिसांचं सहकार्य मिळतं म्हणून स्क्रिप्टही त्यांच्या नजरेखालून जायची. मग तिथले पोलीस सरळ, कष्टाळू आणि जवळजवळ कधीच न चुकणारे दिसले यात नवल काय! आजही तेच आहे. तपास अधिकाऱ्याने गप्पांमध्ये केस सांगितली की तपास हीच गोष्ट होते, वकिलाने सांगितली की खटला, बातमीदाराने सांगितली की गावभर माजलेली खळबळ. गेलेल्या माणसाच्या बाजूने केस सांगायला तिथे बहुतेक वेळा कुणीच नसतं, आणि तुम्हाला एपिसोड बघताना जो परकेपणा वाटला असेल तो मला वाटतं यातूनच आलाय.

म्हणून मी स्वतः निकालपत्रावर जास्त भरवसा ठेवतो. बातमीत पहिल्या चार दिवसांची घाई असते, आरोपपत्र ही एका बाजूची मांडणी असते, पण निकालपत्रात दोन्ही बाजू असतात, उलटतपासणीत काय टिकलं आणि काय कोसळलं ते असतं आणि न्यायाधीशांनी कशावर विश्वास ठेवला नाही तेही असतं. साठ साक्षीदारांमधला सत्तेचाळिसावा कुणीतरी दुकानदार दोन ओळींत असं काही सांगून जातो की अख्खी केस उभी राहते. आणि निकालपत्र सार्वजनिक असतं, त्यामुळे 'त्यांना आमचं कळलं कसं' याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. शेजाऱ्याने सांगितलं, नातेवाईकांपैकी कुणीतरी फोडलं अशी शंका घरात येते आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागतात, तसं कृपा करून होऊ देऊ नका.

केस निवडली की कापाकापी सुरू होते. सगळ्यात आधी जातो तो वेळ. खऱ्या तपासात रिपोर्टची वाट बघण्यात महिने जातात, खटल्यात वर्षं, आणि आमच्याकडे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं असतात. २००० साली 'सीएसआय' आल्यापासून तर लॅबचा रिपोर्ट पुढच्याच सीनमध्ये यायला लागला आणि लोकांना तीच सवय लागली. मग जातात माणसं. तपासात पंधरा अधिकारी असतील तर पडद्यावर दोन, साठ साक्षीदारांचे पाच. म्हणजे दहा जणांनी केलेलं एका पात्राच्या नावावर टाकायचं. नावं पूर्ण काल्पनिक असतील तर यात फारसा धोका नाही, पण नाव खरं ठेवून त्याच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घातलं की प्रकरण कोर्टात जातं. १९८९ च्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्क प्रकरणात पाच मुलांना चुकीची शिक्षा झाली होती, ती २००२ मध्ये रद्द झाली, आणि त्यावर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'व्हेन दे सी अस' आली. त्यात तेव्हाच्या सरकारी वकील लिंडा फेअरस्टीन यांचं पात्र खऱ्या नावाने होतं, २०२० मध्ये त्यांनी बदनामीचा दावा लावला, म्हणणं असं की जे मी केलंच नाही ते माझ्या नावावर घातलंय. २०२४ मध्ये खटला उभा राहायच्या तोंडावर तडजोड झाली. त्यांना स्वतःला पैसे मिळाले नाहीत, नेटफ्लिक्सने चुकीची शिक्षा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दहा लाख डॉलर द्यायचं ठरलं, आणि काही पात्रं, प्रसंग, संवाद काल्पनिक आहेत ही पाटी एपिसोडच्या शेवटी होती ती सुरुवातीला आणली. पाटीची जागा हा तडजोडीतला मुद्दा झाला, यावरून लक्षात येईल की त्या चार ओळींना आमच्या धंद्यात किती वजन आहे.

त्या पाटीचीही एक कूळकथा आहे. रशियाच्या झारच्या दरबारातल्या रासपुतीन या साधूच्या खुनावर १९३२ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने सिनेमा काढला, त्यातल्या एका पात्रावरून राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि १९३४ मध्ये जिंकला, पंचवीस हजार पौंडांची भरपाई मिळाली. सिनेमात त्यांचं नाव नव्हतंच, पात्राचं नाव वेगळं होतं, तरी लोक ओळखतात एवढं कोर्टाला पुरलं. त्यानंतरच 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' हे लिहायची पद्धत पक्की झाली. म्हणजे आज रोज आपण जी ओळ वाचून सोडून देतो ती नाव बदलूनही ओळखल्या गेलेल्या एका बाईमुळे आली.

आता बातमीतून ठिणगी घेण्याचा प्रकार. १९९० मध्ये सुरू झालेल्या 'लॉ अँड ऑर्डर'ने हे जवळजवळ शास्त्रच करून टाकलं. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला वाटतं, अरे ही तर ती पेपरात आलेली केस, आणि मध्यावर गोष्ट अशी वळते की गुन्हेगार वेगळा, कारण वेगळं. हे वळण दोन कारणांसाठी असतं. एक, प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत असेल तर तो बसत नाही, आणि दुसरं, शेवट बदलला की ही तुमचीच केस असं म्हणणं अवघड होतं. तुमच्या एपिसोडचा शेवट थोडा वेगळा होता म्हणालात ना, त्याच्यामागे यातलंच काहीतरी असणार. घरच्यांना मात्र तो बदल सगळ्यात जास्त लागतो, कारण नेमका न्याय मिळाला तो भागच बदललेला असतो. शेवट न बदलण्याचं धाडसही कुणी कुणी केलंय. बाल्टिमोरच्या खून-तपास पथकाबरोबर डेव्हिड सायमन १९८८ मध्ये वर्षभर वावरले, त्यांच्या पुस्तकावरून १९९३ मध्ये 'होमिसाइड' मालिका आली. त्यात एका लहान मुलीच्या खुनाची केस आहे, प्रत्यक्षात ती सुटली नव्हती, आणि मालिकेतही सुटत नाही. चॅनेलला आवडणारा प्रकार नाही हा, पण मला तो फार प्रामाणिक वाटतो.

नावं, गाव, व्यवसाय बदलले की झालं असं मीही बरीच वर्षं समजत होतो. ते चुकीचं आहे हे मला एका फोनवर कळलं, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं खरं उत्तर तिथेच आहे. एका खुनाच्या केसच्या निकालपत्रात चष्मे दुरुस्त करणाऱ्या माणसाची साक्ष होती. बाईच्या चष्म्याची काडी सैल झाली होती, तिच्यावर निळा दोरा गुंडाळलेला होता, आणि खून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने तो चष्मा दुरुस्तीला टाकला. बायको घर सोडून निघून गेली असं सगळ्यांना सांगत होता, आणि ती परत येणार आहे असं वाटावं म्हणून हे केलं. उलटतपासणीत दुकानदाराला विचारलं, तुम्हाला हाच चष्मा कसा आठवतो, तर तो म्हणाला की निळा दोरा सोडवून मी काडी बसवली आणि तो दोरा पाकिटात घालून परत दिला. चष्म्याशिवाय जिला दिसत नाही ती चष्मा घरी ठेवून कशी जाईल, इथे नवऱ्याची सगळी बाजू ढासळली. मी ते वाचलं आणि त्या चष्म्याच्या प्रेमातच पडलो. स्क्रिप्टमध्ये आम्ही नवऱ्याच्या जागी दीर आणला, शहर बदललं, बाई शिक्षिका होती तिला नर्स केलं, लीगलने पास केलं, सगळं रीतसर झालं. निळा दोरा मात्र तसाच ठेवला, त्याचा क्लोजअपसुद्धा घेतला.

प्रसारणानंतर चारपाच दिवसांनी तिच्या बहिणीने कुठून तरी माझा नंबर मिळवला. ओरडली नाही, वकिलाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, बाकी सगळं तुम्ही बदललंत, पण तो दोरा मी बांधला होता. ती बाई या बहिणीकडे राहायला गेली होती तेव्हा काडी निखळली, आणि शिवणाच्या डब्यातला जो दोरा हाताला लागला तो बांधला.

मला काय बोलावं सुचलं नाही. कायद्याने आमचं काहीही चुकलं नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक तपशिलाला मी विचारतो की हे फक्त कुणाला माहीत असणार? जो तपशील लेखकाला सगळ्यात जास्त आवडतो तोच बहुतेक वेळा घरच्यांच्या सगळ्यात जवळचा असतो, दोघांनाही तो आवडण्याचं कारण एकच, त्यात तो माणूस जिवंत दिसतो. आता मी वस्तू बदलतो आणि तिचं काम ठेवतो. चष्म्याच्या जागी श्रवणयंत्र असू शकतं, गुडघ्याचा पट्टा असू शकतो, ज्याच्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही असं काहीही. पुरावा तोच राहतो, कुणाच्या हातचा दोरा मात्र पडद्यावर येत नाही.

हल्ली तर हे जास्तच गरजेचं झालंय कारण प्रेक्षक स्वतः शोधायला बसतात. २०२४ मध्ये 'बेबी रेनडिअर' आली, पाठलाग करून छळणाऱ्या बाईची गोष्ट, नाव बदललेलं होतं, तरी लोकांनी सोशल मीडियावरच्या जुन्या पोस्ट जुळवून काही दिवसांत एका खऱ्या बाईला गाठलं. तिने दावा लावला, आणि न्यायाधीशांनी बदनामीचा मुद्दा पुढे चालू दिला तेव्हा बोट नेमकं कशावर ठेवलं तर सुरुवातीच्या वाक्यावर, तिथे 'सत्य घटनेवर आधारित' नव्हतं, 'ही सत्यकथा आहे' असं होतं. त्यामुळे तुमच्या एपिसोडच्या सुरुवातीची पाटी पुन्हा लावून नीट वाचा. 'सत्यकथा', 'आधारित', 'प्रेरित' आणि 'काल्पनिक' यात कायद्याच्या दृष्टीने खूप अंतर आहे.

परवानगीचं बोलायचं तर ऐकायला कठीण जाईल, पण सार्वजनिक नोंदीतल्या घटनांसाठी बहुतेक देशांत परवानगी लागत नाही. निर्माते घरच्यांशी करार करतात तो दोन गोष्टींसाठी, नोंदीत नसलेली माहिती मिळावी म्हणून आणि पुढे दावा होऊ नये म्हणून. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाने हेच म्हटलंय की कोर्टाच्या नोंदींसारखं जे सार्वजनिक आहे ते संमतीशिवाय छापता येतं, पण लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीचं नाव त्यातून वगळलंय. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं तर स्वतंत्र गुन्हाच आहे, आधी दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता न्याय संहितेचं ७२. आणखी एक, इंग्लंड-अमेरिकेत मृत माणसाच्या बदनामीचा दावा चालत नाही, भारतात मात्र मृत व्यक्तीबद्दलचं विधान तिच्या जवळच्या नातेवाइकांना दुखावण्यासाठी केलेलं असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. तुमच्या एपिसोडमध्ये त्या बाईच्या चारित्र्यावर काही खोटं घातलं असेल तर हे वकिलाला आवर्जून सांगा. खटला चालू असेल तर गोष्ट आणखी वेगळी, १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' मुंबई उच्च न्यायालयाने निकालापर्यंत थांबवला होता, तो आला २००७ मध्ये. पण तुमच्याकडे निकाल लागलाय, म्हणजे हा मुद्दा नाही.

कायद्याने चालतं म्हणजे तसंच करावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही. २०२२ मध्ये डाहमर या खुन्यावर नेटफ्लिक्सची मालिका आली, त्यात एका बळीच्या बहिणीने १९९२ मध्ये कोर्टात केलेला आक्रोश शब्दन् शब्द, कपड्यांसकट पुन्हा उभा केला होता. कोर्टाची नोंद, म्हणजे परवानगी नको. तिने नंतर सांगितलं की मला कुणी विचारलंच नाही. एक फोन करायला काय हरकत होती? ब्रिटनमध्ये प्रसारणाची आचारसंहिता आहे, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की अशा जुन्या दुःखद घटनेवर कार्यक्रम किंवा नाट्य करताना हयात पीडितांना आणि जवळच्या कुटुंबीयांना शक्य तितकं आधी कळवावं, माहिती पूर्वीच सार्वजनिक झालेली असली तरी. परवानगी नव्हे, नुसतं कळवणं, म्हणजे टीव्ही लावल्यावर अचानक समोर येऊ नये. हे सगळीकडे असावं असं मला मनापासून वाटतं आणि मी जिथे काम करतो तिथे त्यासाठी भांडतो, कधी ऐकतात, कधी शेड्यूलचं कारण देतात. काळजी घेऊनही चांगलं काम होतंच, 'दिल्ली क्राइम'ने २०१२ च्या घटनेवर २०१९ मध्ये सगळी मालिका तपासाच्या बाजूने उभी केली, अत्याचार पडद्यावर दाखवलाच नाही, आणि २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला.

म्हणजे तुमच्यापुरतं इतकं धरून चला की कथानक जुळतंय याचा अर्थ तुमचीच केस असेल असं नाही, कारण दुर्दैवाने असे खून एकमेकांसारखेच असतात. फक्त निकालपत्रात किंवा घरात माहीत असलेला एखादा बारीक तपशील जुळत असेल तर ती बहुतेक तुमचीच केस. आणि मग गप्प बसायची गरज नाही.

भारतात असाल तर आधी चॅनेलकडेच लेखी तक्रार करा, २०२१ च्या नियमांनुसार त्यांना पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ओटीटीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही तेवढीच मुदत आहे, आणि समाधान झालं नाही तर पुढे त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. पत्रात 'आमची बदनामी केली' असं मोघम लिहू नका, तसं पत्र थेट लीगलकडे जातं आणि तिकडून छापील उत्तर येतं. एपिसोडची तारीख, कितव्या मिनिटाला काय आहे, त्याच्याशी निकालपत्रातला कुठला परिच्छेद जुळतो, त्यात खोटं काय आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, हे लिहा. एपिसोड पूर्ण काढा ही मागणी सहसा मान्य होत नाही, पण एखादा संवाद म्यूट करणं, शॉट काढणं, पाटी बदलणं हे होतं, कारण रिपीट टेलिकास्ट आणि ओटीटीची कॉपी कधीही बदलता येते. त्या बहिणीने माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं, दोरा दिसतो ते दोन शॉट. एडिटरला ते काढायला दहा मिनिटं लागली, आणि गोष्टीत कुठे काही कमी झालंय असं नंतर कुणालाही वाटलं नाही.